सातबारा मोबाइलवर, कायदा मात्र दूरच

कायद्याचे अज्ञान ही बचावाची सबब होऊ शकत नाही, असे राज्यव्यवस्था नागरिकाला बजावत असते. मग तो कायदा आजच्या तारखेला नेमका काय आहे, हे नागरिकाला त्याच्या भाषेत आणि विनासायास समजावे, ही जबाबदारी कोणाची? मराठवाड्यातील एका मिरची बाजारपेठेतून दिसणारे या प्रश्नाचे स्वरूप.

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. उन्हाळी मिरचीचा हंगाम सुरू झाला, की आसपासच्या गावांतून हिरव्या मिरचीची पोती येथे येऊ लागतात. बोली होते, काटा होतो आणि शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी पडते. या पट्टीवर कोणती वजावट असावी आणि कोणती असू नये, हे केवळ बाजाराच्या रिवाजावर अवलंबून नसते. त्यामागे कायदा उभा असतो. महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन (विकास व विनियमन) अधिनियम, १९६३ हा त्यातील मूळ कायदा. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून फळे व भाजीपाला नियमनमुक्त केला आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असा निर्णय केला. पुढे २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने शेतीमालाच्या व्यापाराविषयी अध्यादेश काढले. सप्टेंबरमध्ये त्यांचे कायदे झाले, जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली आणि त्याच वर्षअखेर संसदेने ते रद्द केले.

पाच-सहा वर्षांत झालेले हे सारे बदल मिरची उत्पादकाच्या थेट उत्पन्नाशी निगडित होते. ते त्याच्यापर्यंत पोहोचले, पण बातमीच्या मथळ्यातून, नेत्यांच्या भाषणांतून आणि पारावरच्या चर्चेतून. कायद्याचा मूळ पाठ, त्यातील बदलाचे नेमके शब्द आणि तो बदल आज अमलात आहे की नाही, या तीन गोष्टी एका ठिकाणी, मराठीत आणि खात्रीलायक स्वरूपात पाहण्याची सोय त्याला कोणीही करून दिली नाही. इंटरनेटच्या युगात ही उणीव तांत्रिक राहिलेली नाही. ती लोकशाहीची उणीव आहे.

शीव ओलांडली, की कलम बदलते

जमिनीच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. आज सातबारा मोबाइलवर दिसतो. डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा घरबसल्या मिळतो. २०२१ पासून ई-पीक पाहणीमुळे पिकाची नोंदही शेतकरी स्वतः करू लागला आहे. या सुधारणांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले असेल किंवा ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळकायद्याचा शेरा असेल, तर त्याचा अर्थ काय आणि त्यातून कोणते बंधन येते, हे सातबारा सांगत नाही. ते सांगतो कायदा.

महाराष्ट्रात कुळकायदा एक नाही, तीन आहेत. पश्चिम महाराष्ट्र व कोकणासाठी १९४८ चा, मराठवाड्यासाठी हैदराबाद राज्याकडून आलेला १९५० चा आणि विदर्भासाठी १९५८ चा. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तरी हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० हा त्याच्यासोबतच आला आणि आजही नावासह टिकून आहे. भोकरदन तालुक्याला लागूनच विदर्भातील बुलढाणा जिल्हा आहे. म्हणजे शिवेच्या अलीकडे एक कायदा आणि पलीकडे दुसरा! कुळाने मिळवलेल्या जमिनीच्या हस्तांतरणावरील निर्बंध पुण्याकडच्या शेतकऱ्यासाठी कलम ४३ मध्ये, बुलढाण्याच्या शेतकऱ्यासाठी कलम ५७ मध्ये, तर भोकरदनच्या शेतकऱ्यासाठी कलम ५०-ब मध्ये आहेत. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने इंटरनेटवर शोध घेऊन गावाकडे वडिलांना सांगितलेले कलम त्यांच्या जमिनीला लागूच नसते, असे सहज घडू शकते.

या तिन्ही कायद्यांत २०१४ मध्ये महत्त्वाची सुधारणा झाली. अशी जमीन कुळाने विकत घेतल्याला दहा वर्षे झाली असतील, तर जमीन महसुलाच्या चाळीस पट रक्कम भरून, पूर्वपरवानगीशिवाय ती विकता येईल, अशी ती तरतूद होती. खरेदीदार शेतकरी असणे, कमाल धारणेची मर्यादा पाळणे आणि तुकडेबंदी कायद्याचा भंग न होणे, या अटी कायम राहिल्या. मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्याच्या खर्चासाठी एकरभर जमीन विकू पाहणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने परवानगीची फाइल आणि चाळीस पट शेतसारा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्याला ही सुधारणा ठाऊक आहे, तो कार्यालयात अर्ज देतो. ज्याला ठाऊक नाही, तो मध्यस्थ शोधतो. कायद्याच्या अज्ञानाची किंमत रुपयांत मोजता येते, ती अशी.

तुकडेबंदीचेही तेच. मूळ कायदा १९४७ चा. त्याच्या नावात पूर्वी ‘मुंबई’ होते. राज्याच्या अनेक जुन्या अधिनियमांच्या नावांतील ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ हा शब्द घालणारा कायदा २०१२ मध्ये अमलात आला आणि त्यात याचेही नाव बदलले. ज्याच्याकडे जुने पुस्तक वा जुना दस्त आहे, त्याने जुन्या नावाने शोधले तर नव्या नावाचा कायदा हाती लागेलच असे नाही. कायद्यातील तरतुदीही स्थिर नाहीत. बेकायदा ठरलेले तुकडे बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत शुल्क भरून नियमित करण्याची सोय २०१७ मध्ये झाली. पुढे २०२४ मध्ये हे शुल्क पाच टक्क्यांवर आणण्यात आले. दरम्यान २०२३ मध्ये राज्यातील बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असे ठरवण्यात आले. यांतील शुल्काची तरतूद कायद्यातील, तर क्षेत्राची मर्यादा अधिसूचनेतील. नुसता अधिनियम वाचणाऱ्याला गुंठ्यांचा आकडा त्यात सापडणार नाही, कारण आकडा राजपत्राच्या एका वेगळ्या अंकात आहे.

मसुदा, निर्णय आणि कायदा

सरकारी कागद वाचता येणे किती मोलाचे आहे, हे अलीकडच्या काळात जालना जिल्ह्याइतके क्वचितच कोणी अनुभवले असेल. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथून २०२३ मध्ये मराठा आरक्षणाचे आंदोलन राज्यभर पसरले. २६ जानेवारी २०२४ रोजी ‘सगेसोयरे’ या शब्दाची व्याख्या करणाऱ्या अधिसूचनेचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि त्यावर १६ फेब्रुवारीपर्यंत हरकती मागवण्यात आल्या. गावोगावी त्याच्या प्रती मोबाइलवरून फिरल्या, गुलाल उधळला गेला. पण तो मसुदा होता. नियमात बदल झालेला नव्हता. पुढे २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरमधील नोंदींसंबंधी शासन निर्णय निघाला, तोही काही वेळातच हजारो मोबाइलवर पोहोचला.

आरक्षणाच्या प्रश्नावरील मतभेद बाजूला ठेवले, तरी या घटनाक्रमातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, खेड्यातला माणूस सरकारी कागद वाचत नाही, हा समज खोटा आहे. आपल्या आयुष्याशी संबंध असेल तर तो ओळ न् ओळ वाचतो, त्यावर वाद घालतो. दुसरी, कागद हाती आला तरी त्याचे वजन कळण्याची सोय नसते. मसुदा म्हणजे केवळ इरादा. शासन निर्णय हा प्रशासनाला दिलेला आदेश, तो कायद्याच्या विरोधात जाऊ शकत नाही. अध्यादेशाला कायद्याचे बळ असते, पण विधिमंडळ पुन्हा भरल्यानंतर सहा आठवड्यांत त्याला मंजुरी मिळाली नाही, तर तो संपतो. अधिनियम मात्र रद्द होईपर्यंत टिकतो. मोबाइलच्या पडद्यावर हे चारही कागद सारखेच दिसतात. तीच राजमुद्रा, तीच भाषा. गॅझेटियर म्हणजे प्रदेशाची माहिती देणारा ग्रंथ आणि गॅझेट म्हणजे कायदा जाहीर करणारे राजपत्र, हा भेदही या गदारोळात अनेकदा हरवला.

पन्नास रुपयांचा दंड आणि चौतीस किलो सोने

कायदा जाहीर करणे म्हणजे काय, या प्रश्नाचा विचार आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी केला आहे. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये अफूविषयी एक कायदा ठराव करून संमत केला, पण तो कधी प्रसिद्धच केला नाही. त्या कायद्याखाली हरला नावाच्या इसमाला पन्नास रुपये दंड झाला. दंड किरकोळ होता, पण प्रश्न किरकोळ नव्हता. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. जो कायदा लोकांना कळण्याची कोणतीही वाजवी व्यवस्था नाही, त्याच्याखाली माणसाला शिक्षा देणे हे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, हा त्या निकालाचा गाभा होता.

दुसरे प्रकरण मुंबईचे. झुरिकहून मनिलाला निघालेला मेयर हान्स जॉर्ज हा प्रवासी २८ नोव्हेंबर १९६२ रोजी सांताक्रूझ विमानतळावर चौतीस किलो सोन्यासह पकडला गेला. असे सोने विमानातील मालाच्या यादीत नोंदवले पाहिजे, अशी रिझर्व्ह बँकेची अधिसूचना भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध झाली होती अवघ्या चार दिवसांपूर्वी, २४ नोव्हेंबरला. उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९६४ मध्ये बहुमताने त्याला दोषी ठरवले. भारतात राजपत्रात प्रसिद्धी झाली, एवढे पुरेसे आहे, परदेशातील प्रवाशाला ती ठाऊक होती की नाही हा प्रश्न नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

या दोन निकालांच्या मधोमध सामान्य नागरिक उभा आहे. कायदा प्रसिद्ध झालाच पाहिजे, हे हरलाच्या प्रकरणाने सांगितले. राजपत्रात छापला की तो प्रसिद्ध झाला असे मानावे, हे जॉर्जच्या प्रकरणाने सांगितले. छापील राजपत्राच्या युगात याहून अधिक अपेक्षा करणे कठीण होते. आज परिस्थिती तशी नाही. केंद्राच्या राजपत्राची छपाई ऑक्टोबर २०१५ पासून थांबली असून संकेतस्थळावर टाकले की ते प्रसिद्ध झाले, असे मानले जाते. प्रसिद्धीचे माध्यम बदलले, तर प्रसिद्धीची कसोटीही बदलायला हवी.

जे झाले आणि जे राहिले

या क्षेत्रात काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक राजपत्राला मान्यता दिली. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर, आपण ज्या नियम, सूचना व पुस्तिकांच्या आधारे काम करतो, त्या स्वतःहून जाहीर करण्याचे बंधन घातले आणि अशी माहिती प्रसृत करताना स्थानिक भाषेचा विचार करावा, असेही सांगितले. कायद्याच्या एका विद्यार्थ्याने २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केल्यानंतर केंद्रीय कायदे संकेतस्थळावर उपलब्ध करण्याच्या कामाला गती आली. ‘इंडिया कोड’ या सरकारी भांडारात आज केंद्राचे आणि राज्यांचे अधिनियम कलमवार पाहता येतात. महाराष्ट्राचे शासन निर्णय संगणक संकेतांकासह संकेतस्थळावर येतात. सरकारी यंत्रणेबाहेर ‘इंडियन कानून’सारख्या उपक्रमाने २००८ पासून न्यायालयीन निकाल सर्वांना मोफत शोधता येतील, अशी सोय केली.

तरीही तीन मोठ्या उणिवा राहतात. पहिली, जुळवलेल्या पाठाची. राजपत्रातील सुधारणा अधिनियम ‘अमुक कलमातील अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द दाखल करावेत’ अशा भाषेत असतो. मूळ कायदा शेजारी ठेवून तो वाचल्याशिवाय अर्थ लागत नाही. सुधारणा मूळ पाठात जुळवण्याचे काम झाले, तरी त्याला काळ लागतो. तोवर वाचकापुढे असतो तो कालचा कायदा. जुन्या कागदपत्रांची स्कॅन केलेली पाने तर केवळ चित्रे आहेत. त्यांत शब्द शोधता येत नाही.

दुसरी उणीव भाषेची. विधिमंडळात मराठीतून चर्चा होते, कायद्याचा मराठी पाठही प्रसिद्ध होतो. परंतु राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार प्रमाण मानला जातो तो इंग्रजी पाठ. मराठी वाचून वागलेल्या माणसाचा न्याय इंग्रजी शब्दावरून होतो. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा यथोचित आनंदही झाला. पण ज्या भाषेत कायद्याचा अंतिम शब्द लिहिला जात नाही, तिचा दर्जा न्यायालयाच्या दारात अपुराच राहतो. केंद्रीय कायद्यांबाबत १९७३ च्या एका अधिनियमाने प्रादेशिक भाषांतील, राष्ट्रपतींच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झालेल्या अनुवादाला प्रमाण पाठ मानण्याची तरतूद केलेली आहे. राज्याच्या कायद्यांसाठीही वाट बंद नाही. अनुच्छेद ३४८ मधील व्यवस्था संसद अन्य तरतूद करेपर्यंतचीच आहे.

तिसरी उणीव मालकीची. सामान्य वाचकाला आश्चर्य वाटेल, पण सरकारी साहित्यावर सरकारचा स्वामित्वहक्क असतो आणि कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार विधिमंडळाचा अधिनियम पुनर्मुद्रित करायचा, तर सोबत भाष्य किंवा अन्य स्वतंत्र मजकूर असावा लागतो. सरकारी अनुवाद झालेला नसेल किंवा विक्रीस उपलब्ध नसेल, तरच खासगी अनुवादाला मोकळीक आहे. जो कायदा जनतेच्या नावाने होतो, तो जशाच्या तसा छापून वाटण्याची मुभा जनतेला नसावी, ही तरतूद तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

इतरांनी काय केले

ब्रिटनने २०१० मध्ये सर्व कायद्यांसाठी एकच संकेतस्थळ सुरू केले. तेथे अनेक कायदे एखाद्या विशिष्ट तारखेला कसे होते हेही पाहता येते आणि जी सुधारणा अद्याप पाठात जुळवलेली नाही, तिची सूचना पानाच्या वरच दिलेली असते. वेल्सच्या विधिमंडळाच्या कायद्यांचे वेल्श व इंग्रजी पाठ सारख्याच दर्जाचे आहेत. कॅनडाने १ जून २००९ पासून संकेतस्थळावरील सुधारित पाठालाच अधिकृत मानले, तेही इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही भाषांत. एस्टोनियासारख्या छोट्या देशाने २०१० मध्ये कागदी राजपत्राला निरोप देऊन इलेक्ट्रॉनिक राजपत्र हेच एकमेव अधिकृत केले. हे देश श्रीमंत आहेत, हे खरे. परंतु वेल्श बोलणाऱ्यांची संख्या मराठी भाषकांच्या तुलनेत नगण्य आहे, हेही तितकेच खरे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. कायदा ही तज्ज्ञांची बाब, तो पडद्यावर आला म्हणून शेतकऱ्याला थोडाच कळणार? उलट अर्धवट ज्ञानाने नुकसानच होईल. हा आक्षेप पूर्णपणे निराधार नाही. कलम वाचणे आणि त्याचा अन्वयार्थ लावणे यांत अंतर असते, वकिलाची गरज संपत नाही. परंतु असाच युक्तिवाद कधीकाळी सातबाऱ्याबद्दलही करता आला असता. उतारा पडद्यावर आल्याने तलाठ्याचे महत्त्व संपले नाही. संपली ती एका कागदासाठीची विनवणी. शिवाय कायदा प्रत्येकाने स्वतःच वाचला पाहिजे असे नाही. गावात शिक्षक असतो, वार्ताहर असतो, शिकलेला नातू असतो. आणि एक वाचक असा असतो, ज्याचा विचार कोणी करत नाही. तो म्हणजे कार्यालयातील कर्मचारी. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, बोलीभाषेत रुळलेले ‘चारशे वीस’ कलम ३१८ मध्ये गेले. हा बदल गाजला म्हणून सर्वांना कळला. जे बदल गाजत नाहीत, ते टेबलामागच्या माणसालाही वेळेवर कळतातच असे नाही.

करता येण्याजोगे

राज्य सरकारने ठरवले, तर काही गोष्टी संसदेची वाट न पाहता करता येतील. राज्याच्या अमलातील सर्व कायद्यांचे, त्यांखालील नियमांचे आणि अधिसूचनांचे एकच मराठी दालन असावे. प्रत्येक पाठावर ‘अमुक तारखेपर्यंत सुधारित’ असा ठळक उल्लेख असावा आणि जुना पाठही तारखेनुसार पाहता यावा. सुधारणा अमलात येईल त्याच दिवशी ती मूळ पाठात जुळवली जावी. मसुदा, शासन निर्णय, अध्यादेश व अधिनियम यांची वर्गवारी आणि आजची स्थिती पहिल्याच ओळीत स्पष्ट असावी. कायद्याच्या जुन्या नावानेही नवा कायदा सापडावा आणि जिल्हा निवडला, की तीनपैकी कोणता कुळकायदा लागू आहे, ते समोर यावे. सातबाऱ्यावरील शेऱ्यापासून संबंधित कलमापर्यंत थेट जाता आले, तर उत्तमच. भाषा संचालनालय आणि विधि व न्याय विभाग यांच्याकडे या कामाचा दशकांचा अनुभव आहे. हवी आहेत ती माणसे, निधी आणि मुदत.

निजामाच्या काळात या भागातील कायदा उर्दूत होता आणि तो हैदराबादच्या ‘जरीदा’ या राजपत्रात प्रसिद्ध होत असे. तो कोणी वाचावा, अशी रयतेकडून अपेक्षाच नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर रयतेचा नागरिक झाला, आणि नागरिकाला कायदा माहीत असतो असे गृहीत धरले जाऊ लागले. या गृहीतकाला आधार देण्याचे काम मात्र अर्धेच झाले आहे. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरचीचा भाव आज क्षणार्धात मोबाइलवर येतो. त्या भावातून किती रक्कम कापायची, हे ठरवणारा कायदाही त्याच पडद्यावर, त्याच भाषेत आणि आजच्या तारखेचा दिसला, तरच अज्ञान ही सबब नाही असे त्या शेतकऱ्याला सांगण्याचा अधिकार राज्याला उरतो.